आठ वाजता, आमचंच स्वयंपाकघर

पसरणीच्या आमच्या स्लॅबच्या घरात
सहा महिने दुसरंच कुटुंब राहून गेलं.
सकाळी सातला टेम्पोतून उतरायचं,
रात्री जनरेटर थांबला की वाईच्या लॉजवर परतायचं.
भाडं दिवसाचं साडेचार हजार,
वर आमच्या कुकरची शिट्टी बंद,
कोंबड्या डालग्याखाली,
शेजारची गिरणी फक्त चहाच्या सुट्टीत.

माझ्या ओट्याशी त्यांची सून रडायची,
माझ्याच मिसळणाच्या डब्याशेजारी.
त्यांची सासू तिला हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढायची
एकदा, दोनदा,
उजेड गेला म्हणून पाचव्यांदा.
कुणीतरी ‘कट’ म्हणालं
की तीच बाई तिचं मनगट चोळत बसायची,
"लागलं का गं? उद्या बांगड्या काढून ठेव."
मग दोघी एका डब्यातली खिचडी खायच्या, मागच्या पायरीवर.

मला तिनं पहिल्याच दिवशी नाव विचारलं.
अकरा वर्षांत या घरात कुणाला ते लागलं नव्हतं.
"शालन," म्हणाले, आणि दचकले.
आवाज माहेरचा निघाला.

बघणारं कुणी असलं की माणूस वेगळाच चालतो.
सोपान वैरण टाकायला जायचा केस विंचरून.
मामंजींनी जेवलेलं ताट स्वतः उचललं,
कॅमेरा दुसऱ्या खोलीत होता, तरी.

आत्याबाई मात्र होत्या तशाच.
त्यांना वाटायचं, शूटिंग पुढं चाललंय,
मागं मोरीपाशी आपलंच राज्य.
आणि तिथंच, फणसाखाली,
संवाद लिहिणारा पोरगा बसलेला,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, मांडीवर वही.
त्या दिवशी दूध उतू गेलं.
"तुझ्या बापानं तोंड दिलं, हात द्यायचं राहिलं व्हय गं?"
पोराची पेन्सिल थांबली.
मग चालू झाली.

मालिका आठला लागायची.
आत्याबाई पलंगावर, गुडघ्याला तेल चोळत,
त्या सासूला रोज नवी शिवी.
"मेलीच्या जिभेला हाड न्हाई. पोरीचा जीव घेईल ही."
याच बाईकडून त्यांनी टाचांच्या भेगांना मलम घेतलेलं,
तिला सुनेचं मनगट चोळताना पाहिलेलं.
तरी आठ वाजले की वैरीण.
मी भाकरी थापता थापता ऐकायची
काचेपलीकडच्या पोरीसाठी
ह्यांच्या घशात दाटलेला हुंदका.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी,
काचेतलं दूध उतू गेलं.
काचेतली सासू वळली,
"तुझ्या बापानं तोंड दिलं..."

"बघा, बघा कशी बोलतीया!" आत्याबाई म्हणाल्या
आणि मध्येच थांबल्या.
तेलाची वाटी हातातच.
साबणाची जाहिरात लागली. मग चहाची.
"हे कुठंतरी ऐकलंय, न्हाई?"
मामंजी छताकडे. सोपान मोबाइलकडे.
"ऐकलंय, आत्याबाई," मी म्हणाले.
एवढंच. भाकरी उलटली.
ती नेमकी टम्म फुगली.

त्यांनी माफी मागितली नाही.
ते मालिकेत झालं, शेवटच्या भागात,
टँकरनं पाडलेल्या पावसात.
आमच्याकडे दूध पुन्हा उतू गेलं तेव्हा
त्यांनी तोंड उघडलं,
फणसाकडे पाहिलं,
आणि फडकं टाकलं माझ्याकडे.
टाकलं म्हणजे फेकलंच.
पण फडकंच.

टेम्पो गेले, त्यालाही आता महिने झाले.
ओट्यापुढच्या फरशीवर
पिवळ्या चिकटपट्टीची फुली राहिलीय,
सुनेनं कुठं उभं राहायचं त्याची खूण.
सगळी फरशी घासते मी, तेवढी सोडून.

परवा तिच्यावर उभी राहिले आणि म्हणाले,
"मला दोन दिवस फलटणला जायचंय. एकटीला."

कट कुणीच म्हणालं नाही.
आत्याबाईंनी आधी खिडकीतून फणसाखाली पाहिलं.
तिथं एक कोंबडी माती उकरत होती.
"मग दूध कोण तापवंल?" म्हणाल्या,

सोपानकडं बघत.